दोन रुपये फीच्या पलीकडचं काम

नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून, म्हणजे आपल्या 'मेडिकल'मधून, शिकून विदर्भाच्या खेड्यांत गेलेल्या डॉक्टरांबद्दलच्या पोस्ट आपल्या नागपुरात सारख्या फिरत असतात. मेळघाटातल्या बैरागडच्या डॉ. रवींद्र कोल्हेंची दोन रुपये फी सगळ्यांना पाठ आहे. हेमलकसाच्या डॉ. प्रकाश आमटेंची पांढरी बंडीही पाठ आहे. आदर मलाही आहे, मनापासून आहे. पण ही माणसं तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय करत होती, ते या पोस्टमध्ये शोधून सापडत नाही. मग इंटर्नशिप करणारं पोरगं वाचतं, हात जोडतं आणि म्हणतं, एवढा त्याग आपल्याच्यानं होणार नाही. त्याला कोणीतरी सांगायला हवं, की त्यागाचं राहू दे बाबा, पद्धत तरी शिकून घे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचंच काम घ्या. दोघंही आपल्या मेडिकलचेच. १९८६ मध्ये ते गडचिरोलीला गेले. दवाखान्यात येणाऱ्या बायकांवरून गावातल्या आजाराचा अंदाज बांधत बसले नाहीत. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ओपीडीचं रजिस्टर कितीही नीट ठेवलं तरी हा आकडा त्यात उमटलाच नसता, कारण या बायका ओपीडीत आल्याच नव्हत्या.

मग बाळं. बालमृत्यू कमी करायचे तर आधी ते मोजता आले पाहिजेत, आणि गोची तिथेच आहे. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ घरचे 'मेलेलंच झालं' म्हणून सांगतात. त्याची जन्मात नोंद होत नाही, मृत्यूतही होत नाही. म्हणून विचारायचं कसं ते ठरलेलं असावं लागतं: रडलं होतं का? श्वास घेतला का? हातपाय हलवले का? एका जरी प्रश्नाला हो आलं, तर ते जिवंत जन्मलेलं बाळ. हे न विचारता काढलेला बालमृत्यूदर दिसायला छान दिसतो.

न्यूमोनियासाठी त्यांनी केलेलं साधन मला सगळ्यात जास्त भावतं. न्यूमोनियात श्वास भराभर चालतो, म्हणून ते मोजायचे; पन्नास-साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी ते होतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या ओळीत सहावा मणी लाल, त्याहून मोठ्या मुलांच्या ओळीत पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजून औषध सुरू. डॉक्टरचं निदान सुईणीच्या हातात गेलं, तेही आकडे न शिकवता.

पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर तोंडावाटे कोट्रायमोक्साझोल आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन, दोन्ही अँटिबायोटिक. डॉक्टर नसलेल्या बाईनं सुई टोचायची, यावर डॉक्टरांची भुवई वर जाणारच. पण हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५ वर आले, आणि हे काम न झालेल्या शेजारच्या तुलनेच्या गावांत ते साठच्या आसपासच राहिले. हे १९९९ मध्ये छापून आलं. इथे माझं मत पक्कं आहे: जवळचं इस्पितळ तासनतास दूर असलेल्या गावात ती सुई न देणं, हाच मोठा धोका होता.

आज नवजात बाळ बघायला आशाताई घरी येतात त्या याच कामाच्या वाटेने. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक. कागदावर पक्कं आहे. बिघडतं ते बारक्या गोष्टींत. काटा शून्यावर न आणता वजन घेतात. दुपट्यासकट घेतात, मग २३०० ग्रॅमचं बाळ अडीच किलोचं होऊन कमी वजनाच्या यादीतून बाहेर पडतं. श्वास पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. नवजात बाळ मध्येच काही सेकंद थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं, त्यामुळे पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय खरं कळत नाही. बाळ रडत किंवा पीत असेल तर थांबावं, शांत झाल्यावर अंगावरचं कापड वर करून पोटाची हालचाल बघावी. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजावं, आणि पुन्हा तेवढेच आले तर लगेच दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती खोलवर आत ओढली जात असेल तर मोजत बसूच नये, सरळ दवाखाना.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळंच. मे महिन्यात टोपडं, दुपटं, वर चादर, आणि बाळ तापलं की घरभर घाबरगुंडी. कपडे सैल करून, आईचं दूध पाजून, अर्ध्या तासाने काखेत पुन्हा थर्मामीटर लावावा. तरीही ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर तो ताप समजावा. डिसेंबरात याच्या उलट. जन्मल्या जन्मल्या आंघोळ आणि खोलीत धुराची शेगडी. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधलं तर शेगडीपेक्षा चांगली ऊब मिळते, धूर नाही, खर्चही नाही.

आणि एक भोक अजून बुजलेलं नाही: माहेर. पहिलटकरणीचं नाव सासरच्या यादीत, बाळ माहेरी. सासरची आशा म्हणते बाळ इथे नाही, माहेरची म्हणते यादीत नाव नाही. सगळ्यात धोक्याचा पहिला आठवडा यातच निघून जातो. तुमच्याकडे लेक बाळंतपणाला येणार असेल, तर आठव्या महिन्यातच माहेरच्या आशाताईकडे तिचं नाव देऊन ठेवा. त्यांचा नंबर घ्या. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही तर वाट बघत बसू नका, फोन करा.