युजरच चुकतो: होतकरू डेव्हलपरांसाठी हिताच्या चार गोष्टी

परवा आईच्या विम्याच्या क्लेमचा फॉर्म ऑनलाइन भरायला बसले. आई ७१ वर्षांची, मी १२ वर्षं कोड लिहून पोट भरणारी. दोघींनी मिळून अडीच तास घातले आणि फॉर्म काही गेला नाही. तो ज्या टीमने बनवलाय तिला यंदा घसघशीत इन्क्रिमेंट मिळालं असणार, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या यशाचं गुपित फुकटात सांगते, लिहून घ्या.

तत्त्वज्ञानाच्या नादी लागू नका. आपल्याकडच्या नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, एक खोड होती. समोरच्याचं खोडून काढण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्याच बाजूने नीट मांडायचं, पूर्वपक्ष म्हणून. आपला सिद्धान्त मागाहून. त्यांना दोन आठवड्यांत काम उरकायची स्प्रिंट नव्हती, परवडत होतं. तुम्ही युजरच्या तक्रारीचं तिकीट आलं की 'माझ्या मशीनवर चालतंय' लिहा आणि बंद करा.

फोटो २० ते ५० केबीतच मागा. का, ते सांगू नका.

आडनाव सक्तीचं ठेवा. ज्यांना नाही, त्यांनी जन्माला येतानाच विचार करायचा होता.

ओटीपी ३० सेकंदांत संपवा. चष्मा शोधायची शिस्त लागते.

आणि एरर मेसेज! खरी कला इथे आहे. 'काहीतरी चुकलं आहे.' बस. काय, कुठे, कुणाचं, सगळं गुलदस्त्यात. आईला हे सात वेळा आलं. आठव्या वेळी ती म्हणाली, "माझंच चुकत असेल." बघा, शिकवावंसुद्धा लागलं नाही. ही परंपरा जुनी आहे. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं, कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावच्या इस्पितळात त्याच्या पडद्यावर आलं, 'मालफंक्शन ५४'. ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये त्या आकड्याचा अर्थच दिलेला नव्हता. असले मेसेज सारखेच यायचे, म्हणून ऑपरेटरबाईंनी नेहमीप्रमाणे 'पी' दाबून काम पुढे चालू केलं. टेबलावरच्या माणसावर किरणांचा जादा मारा दुसऱ्यांदा झाला. कंपनीचं म्हणणं काय, तर आमच्या यंत्रातून जादा डोस जाणं शक्यच नाही. म्हणजे, माझ्या मशीनवर चालतंय! १९८५ ते १९८७ मध्ये असे सहा अपघात झाले. माणसं मेली. आणि टायलरमधला दोष सापडला कसा? इस्पितळातला भौतिकशास्त्रज्ञ त्या ऑपरेटरबाईंना घेऊन यंत्रापाशी बसला आणि त्या जसं टाइप करायच्या तसं दोघांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सरावाने त्यांचा हात इतका झपाझप चालायचा, की टाइप करताना त्यांनी केलेली दुरुस्ती यंत्राच्या ध्यानातच यायची नाही. बाई आपल्या कामात तरबेज होत्या, हीच काय ती युजरची चूक.

सोबत बसला. यात कुठलं आलंय अवघड तत्त्वज्ञान? वर्षातून एकदा 'एम्पथी'चं वर्कशॉप घेता, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवता, 'सुनीता, वय ६५, गृहिणी' अशी बाई कागदावर जन्माला घालता आणि समोसे खाऊन घरी जाता. अरे, एखादी खरी सुनीता आणा की खुर्चीत! तिला काही समजावू नका, मध्ये बोलू नका, नुसतं बघा. बोट कुठे अडतं, ती कुठे घाबरते, कुठे स्वतःलाच बावळट म्हणते. तुमच्या घरात म्हातारी माणसं नाहीत का रे? की त्यांचे फॉर्म दुसरंच कुणी भरतं?

रात्री जेवताना आईने सहज विचारलं, "तूपण ऑफिसात असलंच काहीतरी बनवतेस का गं?"

मी आमटी वाढून घेतली. 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून गेल्या महिन्यात बंद केलेली चार तिकिटं माझ्या नावावर आहेत.