गूळ चालतो म्हणणाऱ्यांसाठी
डायबिटीसमध्ये साखरेऐवजी गूळ चालतो हा गैरसमज आहे, असं तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आमचे सासरे, इथेच नाशिकला सिडकोत, साखर सोडून वर्षभर गुळाचा चहा पीत होते, दिवसातून चार वेळा, वर सीझनला द्राक्षं पाव पाव किलो, आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आली ९.२, ६.५ च्या पुढे म्हणजे डायबिटीसच. अहो गुळातही बहुतेक साखरच असते! आणि शेजारच्या ९ वर्षांच्या मुलीला टाइप १ डायबिटीस आहे, तिचं शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनवतच नाही, त्याचा गोड खाण्याशी काही संबंध नाही, तरी बायका तिच्या आईलाच बोलतात, इन्सुलिनच्या इंजेक्शनची सवय लागेल म्हणतात. इन्सुलिन बंद केलं तर पोरीच्या जिवावर बेतेल, कृपा करून तिला असले सल्ले देऊ नका.