‘जुनी गाडी ठेवणाऱ्यांनो, सावधान!’ या मेसेजला उत्तर

आमच्या देवगडकडच्या ग्रुपवर महिन्याभरात हा मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा वेगवेगळ्या काकांकडून. मजकूर थोडक्यात असा: 15 वर्षं झालेली गाडी कायद्यानेच भंगार, कोकणच्या खाऱ्या हवेत जुना पार्ट टिकत नाही, भंगारातला माल चोरीचा असतो, घरी पाना हातात घेणारा जीव गमावतो, आणि एवढं करून पैसे वाचतच नाहीत. माझ्याकडे वडिलांची 2007 ची मारुती 800 आहे आणि गेली चार वर्षं तिची किरकोळ कामं मी स्वतः करतो, तेव्हा हा मेसेज मलाच उद्देशून असावा. उत्तर द्यायचं दुसरं कारण म्हणजे त्यात दोन गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या बाकीच्या गोंधळात वाया जातायत.

कायद्याचं आधी, कारण ते सरळ खोटं आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, गाडीचं आयुष्य नव्हे. मुदत संपली की आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की पुढच्या 5 वर्षांचं नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 पासून कारसाठी ही फी 600 वरून 5000 झाली, शिवाय पर्यावरण कर. खिशाला चिमटा बसतो, मान्य. पेट्रोलला 15 आणि डिझेलला 10 वर्षं ही बंदी दिल्ली परिसरातली. आमच्या सिंधुदुर्गातल्या, एमएच-07 च्या गाडीने तिचं टेन्शन का घ्यावं?

खाऱ्या हवेचं मात्र अर्धं खरं आहे. किनाऱ्यावरच्या गाडीचा दरवाजा वरून चकचकीत दिसतो आणि खालच्या कडेला नखाने टोकरलं तर पापडासारखा निघतो. म्हणून पत्र्याचं काही हवं असेल तर मी फोंडाघाट चढून कोल्हापूरला जातो. घाटावरच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी खालून वेगळीच असते. खिशात लोहचुंबक ठेवायचा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पण काच, टेललाइटचं प्लास्टिक, दाराचं प्लास्टिकचं हँडल यांना खारी हवा काय करणार? माझी डावी टेललाइट भंगारातली आहे आणि आरटीओत पास झाली.

खाऱ्या हवेपेक्षा मला भीती गोड्या पाण्याची वाटते, आणि तिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली तेव्हा किती गाड्या पाण्याखाली होत्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा गाडीचा अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) बाहेरून पुसला की नव्यासारखा दिसतो. मी एक असाच हातात घेतला होता. पुली बोटाने फिरवली तर आतून पाट्यावर वाटण घासल्यासारखा आवाज, आणि जाळीतून टॉर्च मारला तर तांब्याच्या वेढ्यांवर पिवळट गाळ सुकलेला. ज्या गाडीतून पार्ट निघतोय ती समोर उभी असेल तर तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. बेल्ट धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. चिखलाची रेघ तिथे राहते.

माझा हिशोब सोपा आहे. पार्ट बिघडला तर गाडी नुसती सुरू होणार नाही, की थांबणार नाही? स्टार्टर, अल्टरनेटर, वायपरची मोटर, काच वर-खाली करायची मशीन, हॉर्न हे पहिल्या रांगेतले. ते जुने चालतात. ब्रेकचे होज, लायनर, व्हील सिलिंडरची रबरं, टायरॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा), सीटबेल्ट, टायर: हे नवेच, बिल घेऊन, आणि ब्रेकचं काम शिकाऊ हाताने करायचंच नाही. इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, ब्रेक जात नाहीत, तरी तोही जुना घेऊ नये. रबराचं वय वरून कळत नाही.

चोरीच्या मालाबद्दल फार लिहीत नाही. दुकानदार बिल देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. इंजिनावर नंबर असतो, ते बदललं तर आरसी बुकात नोंद करावी लागते, म्हणून नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये. दाराच्या हँडलसाठी पोलीस घरी येत नाहीत.

जिवाचं मात्र खरं आहे, आणि तिथे मेसेजवाल्याला माझा नमस्कार. पहिल्या वर्षी मी गाडी जॅकवर उचलली, आणि घोडी (उचललेली गाडी पेलायचा लोखंडी स्टँड) नव्हती म्हणून खाली जांभ्याचे दोन चिरे लावले. घराच्या भिंती चिऱ्याच्या, मग गाडी का नाही पेलणार, असं वाटलं. भिंतीचा भार चिऱ्याच्या सगळ्या अंगावर पसरतो. गाडीची कड एका रेघेवर रुतते. चहा प्यायला उठलो तेव्हा मागून ‘कर्र’ असा आवाज आला. गाडी बोटभर खाली, चिऱ्याचा कोपरा तांबडा भुगा झालेला. तो चहा आईने हाक मारून दिला होता, हे अजून तिला सांगितलेलं नाही. आता दोन लोखंडी घोड्या आहेत, जॅकखाली जाड फळी असते, आणि चिरा फक्त चाक घरंगळू नये म्हणून, उटीसारखा.

राहिले पैसे. इथे मी स्वतःविरुद्धच साक्ष देतो. मागच्या पावसात गाडी सेल (स्टार्टर) मारला की नुसतं ‘कट्’ करायची. मी 1400 रुपयांचा स्टार्टर भंगारातून आणला, अर्धा दिवस घालवून बसवला. पुन्हा ‘कट्’. मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, “बदललंस ता बदललंस, पण अर्थ बघलंस काय?” अर्थ म्हणजे अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यात मीटर लावून सेल मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं, आलं साडेतीन. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या अर्थच्या वायरचं रबर सोललं तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड. चिमटीत धरली आणि तारा तुटून हातात आल्या. नवी वायर 150 ला मिळाली. ते 1400 वाया गेले ते भंगारामुळे नाही, बिघाड शोधण्याआधी पार्ट शोधल्यामुळे. गाडीचा मूळचा स्टार्टर परत चढवला. भंगारातला पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. कुणा 800 वाल्याला हवा असेल तर 900 ला देतो. येताना बॅटरी आणा, लावून बघा आणि मगच न्या.