गहुंजेला आजीला नेणार असाल तर आधी तिकीट बघा

काल मामाचा फोन आला. "गहुंजेच्या स्टेडियमवर सगळीकडे छप्पर आहे ना रे? मग आईलाही मॅचला घेऊन येतो." हे कुणी सांगितलं, तर 'पुण्याच्या स्टेडियमबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी' हा फॉरवर्ड. तीन ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण आजीचं वय 78, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

'प्रत्येक प्रेक्षकाच्या डोक्यावर छत.' साफ खोटं! लंडनच्या मायकेल हॉपकिन्स यांच्या कंपनीने आराखडा केला, एवढं मेसेजमध्ये खरं आहे. लॉर्ड्सच्या माउंड स्टँडचं तंबूसारखं छप्पर त्यांचंच, आणि गहुंजेतही मोठ्या स्टँडवर तशी पांढरी छपरं आहेत. फोटोत नेमकी तीच दिसतात. बाकी बराचसा भाग उघडा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी लोक उन्हात पाण्यासाठी ताटकळले आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला माफी मागावी लागली. हे ऑक्टोबरात. एप्रिल-मे महिन्यातली दुपारची मॅच असेल तर काय होईल, ते मामानेच ठरवावं.

'शापित मैदान, भारत इथे एकही कसोटी जिंकलेला नाही.' अरे बाबांनो, धावफलक नावाची गोष्ट असते, तो उघडायला अर्धा मिनिट लागतो. ऑक्टोबर 2019, समोर दक्षिण आफ्रिका. भारत 5 बाद 601 वर डाव घोषित, कोहली नाबाद 254. आफ्रिका 275 वर गारद, फॉलोऑन, मग 189. एक डाव आणि 137 धावांनी विजय. शाप त्या आठवड्यात रजेवर होता बहुतेक.

बरं, नाइलाजाने मान्य करतो, इथल्या पहिल्या तीन कसोट्यांपैकी दोन आपण हरलो. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू ओ'कीफ याने दोन्ही डावांत प्रत्येकी 35 धावांत 6 बळी घेतले, आपण 105 आणि 107. 2024 मध्ये न्यूझीलंडचा फिरकीपटू सँटनर याने 13 घेतले. पण हा शाप नव्हे, फिरकीला हात देणारी खेळपट्टी करायची आणि त्याच फिरकीपुढे आपणच आडवं व्हायचं, असा प्रकार. 2017 च्या खेळपट्टीला तर आयसीसीने 'खराब' शेरा दिला होता.

'2012 च्या आधी पुण्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट पाहिलंच नव्हतं.' स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम काय होतं मग? 29 फेब्रुवारी 1996, विश्वचषक, केनियाच्या 166 धावांपुढे वेस्ट इंडिज 93 वर संपलं. त्यावर आणखी काय बोलायचं!

'स्टेडियमचं नाव सहारा.' उद्घाटनाला होतं, आता नाही. पुढे.

मामाला म्हटलं, तिकीट काढताना स्टँड कुठला ते बघ, आणि तो मेसेज डिलीट कर. तोवर त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.