‘फोन आमचा, मग नियम तुमचे कशाला?’ या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. म्हणणं थोडक्यात असं: शाळेने मोबाइल-कॉम्प्युटर वापराची नियमावली काढली तर शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी तिच्यावर सही करू नये. कारणं सहा. फोन आमचा, रिचार्ज आमचा. मुलांचे फोटो आणि गुण ग्रुपवर टाकले की पारदर्शकता येते. व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, त्यातून काही फुटत नाही. ऑफिसचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असला तरच कामं होतात. रात्री अकराला विद्यार्थ्याच्या मेसेजला उत्तर देतो तोच खरा शिक्षक. आणि शेवटी, जागतिक पुरस्कार मिळवलेल्या शिक्षकाचं नाव घेऊन, ‘डिसले गुरुजींना कुणी नियम लावले होते?’

मी सोलापुरात एका अनुदानित शाळेत एकवीस वर्षं शिकवतेय. आमच्या शाळेच्या नियमावलीवर मी सही केली आहे. का केली, ते या सहा मुद्द्यांच्याच क्रमाने सांगते.

‘फोन आमचा, रिचार्ज आमचा.’ यातली चीड मला पूर्ण कळते. सकाळी हजेरी ॲपवर, दुपारी पोषण आहाराचा आकडा, मग यू-डायस प्लसवरची (शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरची) दुरुस्ती, प्रशिक्षणाची लिंक, आणि प्रत्येक कार्यक्रमाचा ‘पुरावा म्हणून’ फोटो. सगळं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामं सोडली तर शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. माहिती भरण्याच्या कामाला कायद्याने अशैक्षणिक म्हणा वा न म्हणा, वर्गातला वेळ तेच खातं. शाळेने टॅब द्यावा, रिचार्जचे पैसे द्यावेत, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे आणि मी ती स्टाफ मीटिंगमध्ये मांडलीही आहे. पण सही नाकारून टॅब मिळत नाही. ती मागणी नियमावलीतच लिहून घ्यावी लागते.

आणि फोन आमचा असला तरी आत काय आहे? माझ्या फोनमध्ये एका वर्षी बासष्ट मुलांची आधार कार्डं होती, जातीचे दाखले होते, शिष्यवृत्तीसाठी बँक पासबुकांच्या पहिल्या पानाचे फोटो होते. तो फोन मी नवी पेठेत डिस्प्ले बदलायला दिला. दुकानदाराने लॉकचा पॅटर्न विचारला, मी सांगितला, त्याने तो कागदाच्या चिठ्ठीवर काढून फोनच्या पाठीला चिकटवला आणि फोन इतर दहा फोनांबरोबर ट्रेमध्ये ठेवला. फोन दोन दिवस तिथे होता. त्याने काही केलं असं मी म्हणत नाही. पण ती बासष्ट कुटुंबं मला विचारायला आली असती, तर ‘फोन माझा आहे’ हे उत्तर मी कुठल्या तोंडाने दिलं असतं?

आता दुसरा मुद्दा, फोटो आणि गुण. खरं तर याच्यासाठीच मी लिहायला बसले.

आमच्याकडे घटक चाचणी झाली, 20 गुणांची. वर्गशिक्षकांनी गुणतक्त्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. माणूस चांगला, शिकवणं चांगलं, हेतूही चांगला. पालकांना घरबसल्या कळावं, एवढंच मनात. त्या तक्त्यात सातवीतल्या एका मुलीला गणितात 4 होते. ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले, कुंभारीकडे विडी कामगारांच्या घरकुलात. आई दारात बसलेली, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोलताना तिचा हात थांबत नव्हता. मुलगी शेजारी बसून विड्यांची टोकं दुमडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या घरात फोनच नव्हता. शाळेत दिलेला नंबर शेजारच्या मुलाचा. ग्रुप त्याच्या फोनवर. त्याने तक्ता पाहिला आणि नळावर सांगितलं.

“बाई, आम्हाला कळायच्या आधी गल्लीला कळलं की,” आई म्हणाली. तिच्या बोलण्यात रागसुद्धा नव्हता.

सोलापुरात हे अपवाद नाही. विडीच्या आणि यंत्रमागाच्या घरांत एकच फोन असतो, तो कामावर गेलेल्या माणसाबरोबर जातो, किंवा नंबर मामाचा, घरमालकाचा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा असतो. पालकांच्या ग्रुपवर टाकलं म्हणजे पालकांना सांगितलं, हे गृहीतच इथे चुकतं. पारदर्शकता म्हणजे आईला तिच्या लेकीचे गुण दिसणं. वर्गातल्या उरलेल्या सगळ्या घरांना ते दिसणं ही त्या मुलीची बेअब्रू आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलांच्या मानसिक छळालाही मनाई आहे. या सरांनी छळ केला असं मी मुळीच म्हणणार नाही. पण भोगलं मुलीनेच.

ग्रुपमध्ये नंबरही सगळ्यांना दिसतात. एका आईला ग्रुपमधल्याच अनोळखी नंबरवरून रात्री मेसेज यायला लागले. ती ग्रुप सोडून गेली आणि मग सहलीचा, परीक्षेचा कुठलाच निरोप तिच्यापर्यंत पोचेना. उपाय फार अवघड नव्हता. ब्रॉडकास्ट लिस्ट केली की प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो, बाकीच्यांचे नंबर दिसत नाहीत. फक्त पालकांनी शाळेचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो, तो पालकसभेला आम्ही समोर बसून करून देतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना चिठ्ठी. गुण प्रगतिपुस्तकात, आईच्या किंवा वडिलांच्या हातात.

फोटोंचंही तसंच. स्नेहसंमेलनाचा फोटो आपल्याला गोड वाटतो. पण आई-वडील वेगळे झालेले असतील, वडिलांपासून मुलाचा ठावठिकाणा लपवावा लागत असेल, तर गणवेशातला एक फोटो सगळं सांगून टाकतो. कुणाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी विचारायचं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट 2017 मध्ये सांगितलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. म्हणजे दहावीचं, अकरावीचं मूलही त्यात आलं.

‘व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे.’ आहे, 2016 पासून सगळ्या मेसेजना. पण त्याचा अर्थ एवढाच, की मेसेज वाटेत असताना कुणाला वाचता येत नाही. पोचल्यावर तो साठ फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून फॉरवर्ड होतो, त्याचा स्क्रीनशॉट निघतो. नळावर तक्ता पोचला तो एन्क्रिप्शन फोडून पोचला नव्हता.

‘पासवर्ड सगळ्यांना माहीत असावा.’ आमच्या ऑफिसात मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने पासवर्ड लावलेला असायचा. शिपाई, क्लार्क, शिक्षक, सुट्टीतली कामं करून देणारा बाहेरचा मुलगा, सगळे एकाच लॉगिनने आत. एकदा एका विद्यार्थ्याची जन्मतारीख बदलली गेली. कुणी बदलली? नोंदीत एकच नाव, मुख्याध्यापकांचं. ज्यांनी तो कॉम्प्युटर आठवडाभर उघडलाही नव्हता, त्यांना खुलासा लिहावा लागला. ज्याचं त्याचं लॉगिन असावं ते मुख्यतः यासाठी. न केलेल्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर फुटू नये म्हणून. हा नियम कर्मचाऱ्यांवर अविश्वास दाखवतो असं मेसेजमध्ये म्हटलंय. मला तो क्लार्कची सगळ्यात मोठी ढाल वाटतो.

झेरॉक्सच्या दुकानाचंही इथेच सांगते. प्रिंटर बंद पडला की आपण दुकानदाराच्या नंबरवर पीडीएफ पाठवतो किंवा त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतो. एकदा मी माझी प्रिंट शोधायला डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं, तर तिथे दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेच्या मुलांची आधार कार्डं ओळीने होती, प्रत्येक फाइलला मुलाचं पूर्ण नाव. पाठवणाऱ्याच्या हे गावीही नसणार. आता आमचा नियम आहे: आधार लागलंच तर मास्क्ड चालतं का ते आधी विचारायचं (त्यात शेवटचे चारच अंक दिसतात), प्रिंट शाळेतच काढायची आणि काम झालं की फाइल पुसायची. चॅटबॉटकडून प्रगतिपुस्तकाचे शेरे लिहून घेणाऱ्यांनीही मुलाचं नाव आणि आजार त्यात टाकू नये. तेही बाहेरच्या दुकानात कागद ठेवून येण्यासारखंच आहे.

रात्रीच्या मेसेजचा मुद्दा नाजूक आहे, म्हणून सरळ बोलते. मुलांवर जीव असलेले शिक्षकच रात्री उत्तर देतात, हे मला माहीत आहे. मीही दिलीत. पण एका मुलाशी किंवा मुलीशी, एकट्याने, रात्री, तिसऱ्या कुणाला न दिसणारं बोलणं – यात वाईट हेतूचा माणूस आणि चांगल्या हेतूचा माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 11 मध्ये लैंगिक हेतूने मुलाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधणं हाही गुन्हा आहे. मुलांशी बोलणं पालकांच्या नंबरवर, किंवा दुसरे शिक्षक असलेल्या वर्गाच्या गटात, आणि संध्याकाळी सातपर्यंत, एवढा नियम असला तर चांगल्या शिक्षकाकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. मूल खरंच संकटात असेल तर फोन उचलायचाच. उचलून दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं. आमच्या कागदावर हे याच शब्दांत आहे.

राहिले डिसले गुरुजी. रणजितसिंह डिसले आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हा माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायचे. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. त्यांचं काम काय होतं ते आठवा. मुलींच्या घरात कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत, म्हणून त्यांनी कन्नड शिकून घेतली, धडे मुलींच्या भाषेत नेले आणि पुस्तकात क्यूआर कोड टाकले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. त्या कोडमधून धडा मुलीपर्यंत येतो, मुलीचा आधार नंबर किंवा तिचे गुण बाहेर जात नाहीत. आमच्या नियमावलीत असं कुठलंच कलम नाही, जे त्यांच्या कामाच्या आड आलं असतं. त्यांचं नाव घेऊन गुणतक्त्याच्या फोटोची पाठराखण करणं मला फार खटकलं.

आमचा मसुदा पहिल्यांदा आला तेव्हा त्यात ‘फोन गेटवर जमा करावेत’ असंही एक कलम होतं. त्याला मीच सगळ्यात आधी विरोध केला. घरी आजारी सासूबाई आहेत, आणि हजेरीचं ॲप गेटवरून कसं भरणार? तासभर वाद झाला. ते कलम काढून तिथे लिहिलं, ‘वर्गात फोन सायलेंटवर, शिकवण्यासाठी वापर चालेल.’ दुसरं एक वाक्य शिपाईमामांनी सुचवलं: सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर आलेल्या सूचनेला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं तरी चालेल. टॅबची मागणीही नोंदवली आहे. टॅब अजून आलेला नाही.

तो एक पानाचा कागद मस्टरच्या टेबलावर काचेखाली आहे. ती मुलगी आता आठवीत आहे. चाचणीचा पेपर मी तिला घडी घालून देते, आणि आईच्या अंगठ्याचा ठसा घेऊन ती तो परत आणते.