तेल कडू कवठीचं, मग बाईंचं काय?

खानापूरकर, नमस्कार.

डिचपल्लीत महारोग्यांवर (कुष्ठरुग्णांवर) उपचार करणाऱ्या डॉ. इझाबेल कर यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, रोग्यांना त्या सुईनं टोचत होत्या ते तेल सुश्रुताला माहीत असलेल्या तुवरकाचं, म्हणजे आपल्या कडू कवठीचं. मग त्यात बाईंचं काय? दुसरा, त्यानं महारोग काही मुळापासून जात नव्हता, तरी मी आरती ओवाळली.

तेल आपलंच, वाद नाही. कणकुंबीकडच्या रानात ओढ्याकाठी हे झाड अजून आहे, तुम्हाला मी काय सांगावं! पण ते तेल पोटात ठरत नसे. मळमळ, उलट्या, रोगी कंटाळून सोडून देत. म्हणून तर सुई आली. तेही सुखाचं नव्हतं. तेल दाट, ते कोमट करून जाड सुईनं टोचायचं. ठणकायचं, कधी गळू धरायचं. आणि हे एकदा नाही, महिनोन् महिने. आज टोचून घेतलेला माणूस पुढच्या खेपेला परत येतो तो कुणाच्या भरवशावर? सुश्रुताच्या नाही, समोर बसलेल्या डॉक्टरच्या. बाईंचं काम मी तिथं धरतो.

ब्रिटिश मुलखात १८९८ च्या कायद्यानं भीक मागणाऱ्या महारोग्याला धरून आश्रमात डांबता येत होतं. निजामाच्या राज्यात, निजामाबादजवळ, १९१५ पासून डिचपल्लीचं महारोग रुग्णालय उभं राहिलं. तिथं उपचार मिळतो म्हटल्यावर लोक आपणहून येऊ लागले. (बाई मिशनच्या होत्या, खरं आहे. पण त्या कामाला मोठी देणगी दिली ती नरसा गौड या हिंदू सावकारानं. हेही लेखात होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असावं.)

आता दुसरा आक्षेप. लवकर आलेल्या काहींचे चट्टे फिके पडत, पुष्कळांचा रोग उलटत असे. मी ‘बरे झाले’ असं सरसकट कुठंही लिहिलेलं नाही. डॅप्सोन हे औषध महारोगावर वापरात आलं १९४० नंतर, बाई वारल्या १९३२ साली. जे औषध तेव्हा नव्हतंच, त्याचा जाब त्यांना कसा विचारायचा?

राहता राहिला तुमचा ‘आपल्या भागातलं कुणी दिसलं नाही का’ हा प्रश्न. दिसलं की! जमखंडी भागातल्या आसंगीत जन्मलेले दाजीसाहेब पटवर्धन. १९४६ साली अमरावतीत महारोग्यांसाठी तपोवन उभारलं त्यांनी. पुढचा लेख त्यांच्यावरच आहे. ते होमिओपॅथ होते, तेव्हा औषधावरून भांडायला तुम्हाला तिथंही वाव आहे.