तेवढं एक पिल्लू द्या की

गॅलरीतल्या मनीप्लँटच्या कुंडीत नारद बुलबुलानं घरटं केलंय. वाटीएवढं. वाळक्या काड्या, सालीचे धागे आणि मध्येच एक सुतळीचा तुकडा. आत तीन पिल्लं. परवा शेजारचे काका चहाला आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "तेवढं एक द्या की मला. पिंजऱ्यात घालतो, गाईल झकास. तुमच्या बुलबुलांना काय तोटा? रंकाळ्यावर जावा, ढिगानं हाईत."

ढिगानं आहेत, खरंय. कुठला जीव किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीतही हा 'किमान चिंता' या खान्यात निवांत बसलाय. पण मला काकांचा 'ढिगानं' हा शब्दच खटकला.

याच्याच भावकीतला एक बुलबुल आग्नेय आशियात आहे. गवती-केशरी डोक्याचा, आपल्या नारदापेक्षा जवळजवळ दीडपट मोठा. (शास्त्रीय नावात सिलोन आहे, पण श्रीलंकेत तो कधी नव्हताच. अठराव्या शतकातला घोळ अजून चालू.) इंडोनेशियातल्या जावा बेटावर त्याला चुचक रावा म्हणतात. गळा इतका गोड की तोच त्याला नडला. आपल्याकडं कुस्तीची मैदानं भरतात तशा तिकडं गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा भरतात, आणि जिंकणाऱ्या पक्ष्याला मोल येतं. जंगलतोड होतीच, पण खरा घात जाळ्यांनी केला. 2016 साली तो 'संकटग्रस्त' ठरला, 2018 साली 'अतिसंकटग्रस्त'. थायलंडच्या जंगलातून तर संपलाच. आता त्यातल्या त्यात सुखात आहे तो सिंगापुरात, म्हणजे चक्क एका शहरात! इंडोनेशियानं 2018 साली त्याला संरक्षित यादीत घेतलं आणि पक्षी पाळणाऱ्यांनी ओरडा केल्यावर त्याच वर्षी काढूनही टाकलं. डोक्याला हात लावायची वेळ.

"तो वेगळा, हा वेगळा," काका म्हणाले.

वेगळा कुठला? दक्षिण थायलंडमध्ये आपल्या या नारदाच्याच गाण्याच्या स्पर्धा लागतात. तिथल्या रानातून तो भराभर कमी झालाय. यादीत मात्र अजून 'किमान चिंता'च, कारण ती नोंद अख्ख्या जगाची असते, एका गावाच्या रानाची नव्हे. नाद लागायचा अवकाश, ढीग संपायला वेळ लागत नाही. आणि नादाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर कुणाला ऐकणार?

1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानातला पक्षी धरणं गुन्हा आहे, हेही सांगितलं. "पोपट तर सगळेच पाळत्यात की," म्हणत काकांनी बशी खाली ठेवली. त्यावर मी काही बोललो नाही. त्यांच्या मुलीकडं आहे एक.

आज सकाळी गॅलरीच्या पलीकडनं त्यांचाच आवाज, "गेली काय हो?"

दोन गेली. तिसरं कुंडीच्या काठावर बसलंय. गाल अजून पांढरेच, लाल ठिपका मागनं येतो. आई समोरच्या तारेवर चोचीत अळी धरून बसलीय, पण जवळ यायला तयार नाही.